चार्ट वाचायला शिकायचंय पण इंडिकेटर बघून डोकं भंजाळलंय, सुरुवात कुठून करू?

सरळमार्गी:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. आधी कुठे चर्चा झाली असेल तर लिंक द्या, मी शोधलं पण सापडलं नाही.

तर विषय असा की मी शेअर घेतो ते कंपनी बघून. विक्री वाढतेय का, कर्ज किती आहे, नफा नुसता कागदावर आहे की रोख पण येतेय, एवढं आता बघता येतं. अडतं कुठे, तर कधी घ्यायचा आणि त्याहून जास्त म्हणजे कधी सोडायचा. चांगली कंपनी असली तरी शेअर दोन दोन वर्षं खालीच सरकत राहतो आणि ताळेबंद तेव्हा काहीच बोलत नाही. म्हणून म्हटलं टेक्निकल, म्हणजे किंमतीचा चार्ट वाचून अंदाज बांधणं, शिकूया.

व्हिडिओ बघायला घेतले तर एक जण म्हणतो आरएसआय (किंमतीवरून काढलेला ० ते १०० मधला आकडा, असल्या गणितालाच इंडिकेटर म्हणतात) ३० च्या खाली गेला की डोळे झाकून घ्या, दुसरा म्हणतो पडत्या शेअरमध्ये आरएसआय बघायचाच नाही, तिसऱ्याच्या चार्टवर इतक्या रंगीत रेघा की किंमत कुठे आहे तेच दिसत नाही. मी पण मग आरएसआय, एमएसीडी, बोलिंजर बँड आणि सुपरट्रेंड असे चार लावून बघितले, तर दोन म्हणतात घे, एक म्हणतो विक, आणि एक गप्प बसलाय. आता कोणाचं ऐकू?

डे ट्रेडिंग करायचं नाहीये, नोकरी सांभाळून ते होणारही नाही. काही महिने ते दोन तीन वर्षं ठेवायचा हिशोब आहे. अशा माणसाने काय शिकावं, कुठल्या क्रमाने शिकावं, आणि पैसे भरून कोर्स करण्यात अर्थ आहे का? माझा एक मित्र तर म्हणतो हे सगळं ज्योतिष आहे, त्यावर पण बोला.

जुनी_पेन्सिल:

सरळमार्गी, आधी एक काम करा, चार्टवरचं सगळं काढून टाका. चारही. फक्त किंमत ठेवा आणि खाली व्हॉल्यूम, म्हणजे किती शेअरची उलाढाल झाली ते. चिडू नका, कारण सांगतो.

तुम्ही लावलेले चारही इंडिकेटर किंमतीपासूनच बनतात. एमएसीडी म्हणजे १२ दिवसांची एक्स्पोनेन्शियल सरासरी (ताज्या दिवसांना जास्त वजन देणारी) वजा २६ दिवसांची, आणि त्या फरकाची परत ९ दिवसांची सरासरी काढली की झाली सिग्नल लाइन. बोलिंजर म्हणजे २० दिवसांची साधी सरासरी आणि तिच्या वर खाली दोन दोन स्टँडर्ड डेव्हिएशन (भाव सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप). सुपरट्रेंडमध्ये दिवसाच्या हाय लो चा पसारा धरलेला असतो, पण तो पण शेवटी किंमतच. एकाने सांगितलेली बातमी चौघांच्या तोंडून ऐकायची आणि चार साक्षीदार मिळाले म्हणून खूश व्हायचं, तसा प्रकार आहे हा. आणि ते आपसात भांडतात का, तर प्रत्येक जण वेगवेगळ्या कालावधीकडे बघतोय. १२ दिवसवाला शेअर चढतोय म्हणेल तेव्हा २०० दिवसवाला उतरतोय म्हणेल आणि दोघंही खरं बोलत असतील.

आरएसआयचं तर मी म्हणेन एकदा वही घेऊन हाताने काढाच. वेल्स वाइल्डर नावाचा मेकॅनिकल इंजिनिअर होता त्याने १९७८ मध्ये हा मांडला. १५ दिवसांचे क्लोजिंग भाव लिहा म्हणजे १४ फरक मिळतील. जे फरक वाढीचे आहेत त्यांची बेरीज भागिले १४, जे घसरणीचे आहेत त्यांची बेरीज भागिले १४. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की आला आरएस. मग १ अधिक आरएस, त्याने १०० ला भागा, आणि जे येईल ते १०० मधून वजा करा. वाढ घसरणीच्या दुप्पट असेल तर आरएसआय ६६.७ येतो. ७० यायला वाढ घसरणीच्या २.३३ पट लागते. बस, एवढंच त्या ७० मध्ये आहे. शेअर महाग झाला, आता पडणार, असलं काही त्यात कुठेच लिहिलेलं नाही. जोरात चाललेला शेअर महिनोन्महिने ६० ते ८० मध्ये फिरत राहतो आणि मार खाणारा शेअर ३० च्या खाली जाऊन तिथेच तळ ठोकून बसतो. म्हणून तुमचे दोन्ही व्हिडिओवाले आपापल्या जागी अर्धे बरोबर आहेत, कुठल्या ट्रेंडमध्ये बघतोय ते सांगायचं राहिलं एवढंच.

आता मोकळ्या चार्टवर काय बघायचं. पहिलं म्हणजे शिखरं आणि तळ. प्रत्येक तळ आधीच्या तळापेक्षा वर आणि प्रत्येक शिखर आधीच्या शिखरापेक्षा वर, तर अपट्रेंड. उलटं असेल तर डाउनट्रेंड. दोन्ही नाही तर शेअर आडवा चाललाय. हे चार्ल्स डाऊचं, म्हणजे शंभरहून जास्त वर्षं जुनं. त्याने स्वतः थिअरी म्हणून कुठे एकत्र लिहिलं नाही, 'वॉल स्ट्रीट जर्नल' मधल्या अग्रलेखांत सुटं सुटं यायचं, तो १९०२ मध्ये वारला आणि नंतरच्यांनी ते गोळा करून त्याला डाऊ थिअरी नाव दिलं. आजही निम्मं टेक्निकल त्याच्यावरच उभं आहे.

दुसरं सपोर्ट आणि रेझिस्टन्स. इथे रेघा मारायला सगळ्यांना आवडतं पण रेघ का काम करते ते कोणी विचारत नाही. समजा खूप लोकांनी शेअर १५० ला घेतला. पुढे तो १२० ला गेला. हे सगळे लोक वर्षभर कुढत बसलेत आणि मनात एकच, माझे पैसे सुटले की बाहेर पडतो. शेअर परत १४८, १४९, १५० ला आला की ही सगळी मंडळी विकायला उभी, म्हणून तिथे अडतो. हा झाला रेझिस्टन्स. आता समजा त्या सगळ्यांचा माल कोणीतरी उचलला आणि शेअर १७० ला गेला. ज्यांनी १५० ला विकला ते आता हळहळतात की परत १५० ला आला तर घेईन. म्हणून जो रेझिस्टन्स होता तोच सपोर्ट होतो. हे डोक्यात बसलं की कळेल की ती रेघ नसते, पट्टा असतो, १४७ ते १५३ असा काहीतरी. १४९.५० ला रेघ मारून १४९.४० ला सपोर्ट तुटला म्हणून ओरडणारे लोक बघितले की गंमत वाटते.

आणि अभ्यास कसा करायचा, तर चार्ट चार पाच वर्षं मागे न्या, उजवी बाजू झाका. बऱ्याच साइटवर रिप्ले असतो, नसेल तर स्क्रीनवर कागद धरा, लाज कसली. आठवड्याची एक एक कँडल (त्या आठवड्याचे भाव दाखवणारी खूण, चढला तर हिरवी, पडला तर लाल) पुढे सरकवा आणि प्रत्येक वेळी वहीत लिहा की आत्ता ट्रेंड काय आहे आणि किंमत कुठे गेली तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल. मगच पुढची कँडल उघडा. पूर्ण चार्ट समोर असताना प्रत्येक जण पंडित असतो, उजवीकडे कागद धरला की तोंड बंद होतं. फक्त एक करा, यासाठी आजच्या गाजलेल्या कंपन्याच घेऊ नका, बुडीत निघालेल्या आणि मार खाल्लेल्या पण घ्या, नाहीतर प्रत्येक घसरण ही खरेदीची संधी असते असंच डोक्यात पक्कं होईल.

मधलीसुट्टी:

पेन्सिलकाका +१. वाचनखूण साठवलीय. ते पैसे सुटले की बाहेर वालं वाचून हसलो, आमच्या घरात त्या विषयाची मास्टर डिग्री केलेले लोक आहेत.

ऋणअधिक:

मित्राच्या बाजूने कोणीतरी बोलायला पाहिजे म्हणून बोलतो. कागद धरायच्या आधी सरळमार्गींनी अजून एक प्रयोग करावा. एक नाणं घ्या, १०० पासून सुरुवात करा, छापा आला तर एक वाढवा, काटा आला तर एक कमी करा, असं दोनशे वेळा करून ग्राफ काढा. नाणं उडवायचा कंटाळा असेल तर स्प्रेडशीटमध्ये रँडम आकड्यांनी दोन मिनिटांत होतं. मग तो ग्राफ चार्टवाल्या मित्राला दाखवा, कंपनीचं नाव सांगू नका. त्याला त्यात सपोर्ट दिसेल, ट्रेंड दिसेल, नशीब जोरावर असेल तर हेड अँड शोल्डर (मधलं उंच आणि बाजूची दोन बुटकी अशी तीन शिखरं) पण दिसेल. ही माझी टूम नाही, हॅरी रॉबर्ट्स नावाच्या प्राध्यापकाने १९५९ मध्येच रँडम आकड्यांचे ग्राफ छापून दाखवले होते की बघा, हुबेहूब बाजारासारखे दिसतात. माणसाच्या डोळ्याला आकार शोधायची खोडच आहे.

तरी सगळं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही, कारण पुरावा तसा सरळ नाहीये. ब्रॉक, लाकोनिशॉक आणि लेबॅरन यांनी १९९२ मध्ये डाऊ जोन्स या अमेरिकन निर्देशांकाच्या १८९७ ते १९८६ एवढ्या डेटावर मूव्हिंग अॅव्हरेज आणि रेंज ब्रेकचे (भाव ठराविक पट्ट्याबाहेर पडला की घ्यायचं किंवा विकायचं असे) २६ साधे नियम तपासले आणि त्यांत दम आहे असं निघालं. चार्टवाले खूश. मग १९९९ मध्ये सुलिव्हन, टिमरमन आणि व्हाइट यांनी विचारलं की हजारो नियम ट्राय केले तर दोन चार नशिबानेच चांगले निघणार ना, तो हिशोब धरून बघूया. आणि सगळ्यात चांगला नियम नंतरच्या दहा वर्षांवर लावला तर त्याचा जोर टिकला नाही. मग २००० मध्ये अँड्र्यू लो वगैरेंनी कॉम्प्युटरला पॅटर्न ओळखायला लावून १९६२ ते १९९६ चा अमेरिकन डेटा तपासला, तेव्हा काही पॅटर्नमध्ये थोडी जास्तीची माहिती असते असं निघालं. माहिती असते, त्यातून खर्च जाऊन पैसे सुटतात असं नाही, हा फरक व्हिडिओवाले सोयीस्कर विसरतात.

त्यातल्या त्यात ज्याला बरा पाया आहे ती गोष्ट म्हणजे मोमेंटम. जेगदीश आणि टिटमन, १९९३. मागचे ३ ते १२ महिने जे शेअर बाकीच्यांपेक्षा जास्त चढले ते पुढचे काही महिनेही सरासरीने पुढे राहतात. हे सरळमार्गींच्या कामाचं आहे कारण त्यांचा कालावधी तोच आहे. आणि गंमत बघा, डी बाँट आणि थेलर यांनी १९८५ मध्ये ३ ते ५ वर्षांचा हिशोब काढला तर उलटं निघालं, खूप पडलेले पुढे सरस ठरले. म्हणजे किती काळासाठी बघताय यावर उत्तरच बदलतं. कालावधी ठरवल्याशिवाय इंडिकेटरवर वाद घालणं म्हणजे वेळ फुकट.

अजून एक आकडा देतो आणि गप्प बसतो. बार्बर आणि ओडीन यांनी एका ब्रोकरकडची ६६ हजारांवर कुटुंबांची खाती तपासली, १९९१ ते १९९६. बाजाराने वर्षाला १७.९ टक्के दिले, सगळ्यात जास्त उलाढाल करणाऱ्यांच्या हातात पडले ११.४. चार्ट शिकला की हात शिवशिवतात, त्याची ही किंमत.

जुनी_पेन्सिल:

ऋणअधिक, नाण्याचा प्रयोग मीच लोकांना करायला सांगतो, तेव्हा भांडण नाहीच. फक्त नाण्याच्या ग्राफला व्हॉल्यूम नसतो आणि नाण्याला पैसे सुटायची घाई नसते. पण शिवशिवणाऱ्या हातांचं एकदम मान्य.

सरळमार्गी:

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. आरएसआय हाताने काढला, माझा ५८ आला आणि साइटवर ६१ दाखवतंय, काय चुकलं? आणि दुसरं, स्टॉपलॉस (भाव ठरलेल्या पातळीला आला की विकायची ऑर्डर) सगळे म्हणतात लावा लावा, पण कुठे? कोणी ५ टक्के म्हणतं, कोणी ८. शिवाय मी वीकली चार्ट बघू की डेली? बुधवारी वीकलीवर एकदम भारी हिरवी कँडल दिसत होती, शुक्रवारी बघतो तर लाल.

अर्धविराम:

आरएसआयमध्ये तुमचं काही चुकलं नाही. वाइल्डरच्या पद्धतीत पहिल्या १४ दिवसांनंतर रोज सरासरी नव्याने काढत नाहीत, कालची सरासरी गुणिले १३, त्यात आजचा फरक मिळवायचा आणि १४ ने भागायचं. म्हणजे खूप जुन्या दिवसांचं पण थोडं थोडं वजन उरतं. साइटकडे वर्षानुवर्षांचा डेटा आहे, तुमच्याकडे १५ दिवस, म्हणून ५८ आणि ६१. दोन साइटवर पण कधी कधी याच कारणाने वेगळे आकडे दिसतात.

कँडलचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. आठवडा संपेपर्यंत ती कँडल तयारच झालेली नसते, बुधवारी जे दिसतं तो निम्मा आठवडा. काही महिने ते वर्षं ठेवायचे असतील तर वीकली बघा, आणि शनिवार रविवारी बघा, बाजार बंद असताना, चहा घेऊन निवांत. डेली उघडायचा तो फक्त घ्यायचं ठरल्यावर, नेमकी जागा बघायला. सरासरी लावायचीच असेल तर वीकलीवर ४० आठवड्यांची एक लावा, ती साधारण २०० दिवसांच्या जवळ जाते, आणि एकच लावा. ती चढती आहे आणि किंमत तिच्या वर आहे का एवढं बघायला. झिगझॅग सारखे इंडिकेटर असतात ते तर लावूच नका, नवीन भाव आला की शेवटची रेघ मागे जाऊन पुसून परत काढतात, त्यामुळे जुन्या चार्टवर प्रत्येक शिखर अचूक पकडलेलं दिसतं आणि लाइव्हमध्ये तोंडघशी पाडतात.

आता स्टॉपलॉस. ५ की ८ हा प्रश्नच उलट्या बाजूने आहे असं माझं मत. टक्का आधी ठरवून चार्टवर लादायचा नसतो. चार्ट सांगतो की कुठे गेला तर आपलं म्हणणं मोडलं, बहुतेक वेळा ते शेवटच्या मोठ्या तळाच्या थोडं खाली. ती जागा ठरली की मग किती शेअर घ्यायचे ते त्यावरून काढायचं. समजा तुमची एकूण गुंतवणूक १ लाख आहे आणि एका शेअरमध्ये जास्तीत जास्त १ टक्का गमवायची तयारी आहे, म्हणजे १,०००. शेअर २४० ला आहे आणि मोडायची जागा २१६. फरक २४. १,००० भागिले २४ म्हणजे ४१ शेअर, ९,८४० चे. आणि तोच २४० चा शेअर पण मोडायची जागा १९२ असेल तर फरक ४८, २० च शेअर घ्यायचे. जागा लांब असेल तर माल कमी. लोक काय करतात, आधी ठरवतात ५० हजारांचे घेतो, मग स्टॉप असा लावतात की मनाला कमी दुखेल, आणि साध्या चढउतारात तो उडतो.

हे एवढं का सांगतेय, कारण चार्टवाल्यांचे निम्म्याहून जास्त सौदे चुकले तरी चालतात, जर चुकल्यावर १ जात असेल आणि जमल्यावर ३ येत असतील. शंभरात ४० जमले, ६० चुकले, तरी १२० आले आणि ६० गेले. पण अशा हिशोबात सलग सहा चुकायची शक्यता कुठूनही मोजायला सुरुवात केली तरी ५ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे कधी ना कधी अशी सलग चुकांची रांग येणारच. तेव्हा एकेका सौद्यात १ टक्का लावलेला माणूस ६ टक्के खाली असतो आणि वैतागतो, आणि १० टक्के लावलेला जवळजवळ निम्म्यावर आलेला असतो, आणि निम्म्यावरून परत १०० वर यायला दुप्पट व्हावं लागतं.

आणि स्टॉप लावला म्हणजे सुटलो असंही नाही हं. स्टॉपची किंमत लागली की ती ऑर्डर साधारणपणे बाजारभावाने जाते. शेअर रात्रीत वाईट बातमीने २४० वरून थेट १९० ला उघडला तर तुमचा २१६ चा स्टॉप १९० लाच लागणार. १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला होता, तेव्हा स्टॉप कागदावर बऱ्याच जणांचे होते. म्हणून एकाच शेअरमध्ये फार नको, स्टॉप असला तरी.

जाता जाता, चार्ट लॉग स्केलवर टाका. लांबचा चार्ट साध्या स्केलवर बघणं म्हणजे स्वतःला फसवणं. त्या १९८७ च्या दिवशी डाऊ ५०८ अंकांनी पडला होता. निर्देशांक ४०,००० च्या घरात गेल्यावर ५०८ अंक म्हणजे सव्वा टक्का, रोजची किरकोळ हालचाल. १९२९ मध्ये ३८१ वरून १९३२ ला ४१ वर आला, म्हणजे जवळजवळ ८९ टक्के गेले आणि जुनं शिखर परत बघायला १९५४ उजाडलं, पण साध्या स्केलवर ती सगळी भानगड तळाशी सपाट रेघ दिसते. लॉगवर १० चे २० आणि १०० चे २०० सारख्याच उंचीचे दिसतात, तुमच्या खिशाला पण ते सारखेच असतात.

मधलीसुट्टी:

कोर्सचं कोणी बोललं नाही म्हणून मी पामर बोलतो. पहिल्या तासात स्वतःच्या नफ्याचा स्क्रीनशॉट दाखवतो तो मास्तर नको. एका सौद्यात किती लावायचे याच्यावर एक अख्खा तास नसेल तर तो कोर्स नको. बाकी इथे वर जे फुकट लिहिलंय त्यावर महिनाभर वही भरवा, तरी अजून कोर्स करावासा वाटला तर करा.

सरळमार्गी:

सगळ्यांचे मनापासून आभार, अर्धविराम ताई तुमचं उत्तर तर प्रिंट काढून ठेवलंय. आता एक खरा चार्ट सांगतो, नाव घेत नाही, टिप मागतोय असं वाटायला नको. शेअर १८० वरून उतरत १२० ला आला. मग जवळजवळ आठ महिने १२० ते १४० मध्ये आडवा. मधला शेवटचा तळ १३१. मागच्या आठवड्यात १४६ ला बंद झाला आणि व्हॉल्यूम नेहमीच्या तिप्पट. कंपनी मला पसंत आहे, कर्ज कमी झालंय. कॅपिटल १ लाख धरा. स्टॉप १३१ च्या जरा खाली, सोयीसाठी १३१ च धरतो, फरक १५, म्हणजे १,००० भागिले १५, ६६ शेअर, ९,६३६ चे. घेऊ का?

जुनी_पेन्सिल:

गणित बरोबर. आता चार्ट वाचू. आठवडा पूर्ण होऊन १४० च्या वर बंद झालाय, आठ महिन्यांचा पट्टा आहे, शेवटचा तळ १२० वर नाही तर १३१ वर आहे म्हणजे तळ वर सरकायला लागले होते, व्हॉल्यूम आहे. इथपर्यंत चांगलं. व्हॉल्यूम कशाने आला ते बघा, निकाल लागला होता का, की कोणी मोठ्याने एका झटक्यात आपला हिस्सा विकला आणि दुसऱ्याने घेतला. दुसऱ्या प्रकारात तिप्पट व्हॉल्यूमला तेवढा अर्थ नसतो. आणि १८० ते १२० ही घसरण खरी आहे ना, मध्ये बोनस किंवा स्प्लिट नव्हता ना? चार्ट अॅडजस्ट केलेला नसेल तर एकाचे पाच झाल्यावर १,००० चा शेअर सरळ २०० वर पडलेला दिसतो आणि लोक त्याच्यावर पॅटर्न काढत बसतात.

आता मुख्य. वर बघा. १८० वरून उतरताना तो कुठे रेंगाळला होता? तिथे अडकलेली मंडळी आहेत.

सरळमार्गी:

बघितलं. बोनस स्प्लिट काही नाही, निकाल लागला होता. उतरताना १६० च्या आसपास दोन अडीच महिने घुटमळला होता आणि तिथे व्हॉल्यूम बराच दिसतोय.

जुनी_पेन्सिल:

मग झालं ना. १४६ ला घेतला तर १३१ पर्यंत १५ जाणार, आणि १६० ला पैसे सुटणारी गर्दी उभी, म्हणजे पहिल्या अडथळ्यापर्यंत मिळणार १४. पंधरा लावून चौदा, हा सौदा मला पटत नाही. १६० पार होऊन १८० ला जाईल की, असं म्हणाल, जाईल पण, पण ते आत्ता चार्टवर नाही. तोच शेअर परत १४० च्या पट्ट्यात आला, व्हॉल्यूम कमी होत होत आला, आणि तिथे थांबला, तर ९ च्या बदल्यात २०. मग १,००० भागिले ९, १११ शेअर बसतात.

ऋणअधिक:

आणि परत आलाच नाही तर?

जुनी_पेन्सिल:

तर १६० च्या वर आठवडा बंद झाल्यावर नव्याने बघायचं, तेव्हा तोच १६० चा पट्टा खालून टेकू देतोय का ते. नाहीतर सरळ दुसरा शेअर.

सरळमार्गी:

ओके. १४१ ला अलर्ट लावून ठेवलाय, ऑर्डर टाकलेली नाही. तोपर्यंत एक बुडालेली कंपनी शोधून कागद धरून बसतो.